दुरून तपासणाऱ्याची तपासणी



विषय ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरून शोधण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम वापरतात, त्याला रिमोट डीबगिंगचा सर्व्हर म्हणतात. या सर्व्हरच्याच चाचण्या यंत्राकडून आपोआप करून घेण्याची पद्धत कशी आली, असा आजचा विषय आहे. आता, तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्या आमच्यासारख्यांनी यात कशाला पडावं? पडायचं ते एवढ्यासाठी, की प्रश्न आमच्या घरचा आहे. जी गोष्ट डोळ्यांसमोर नाही तिची खबर आणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तो किती, आणि कशाच्या आधारावर? प्रमाणशास्त्र शतकानुशतकं हेच विचारत आलं आहे.

सुरुवात जवळून करू. पहिल्या पिढीच्या संगणकांजवळ माणूस उभा राहू शकत होता. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आठवण लिहून ठेवली आहे, की उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे, हे त्यांना त्याच सुमारास कळून चुकलं. लगेच १९५१ साली त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी एडसॅकवरच्या प्रोग्रॅममधल्या चुकांचं निदान कसं करावं यावर एक निबंध प्रसिद्ध केला. 'निदान' हा वैद्याचा शब्द. तो त्यांनी विचारपूर्वक वापरला असावा, कारण चूक दिसत नाही, चुकीची लक्षणं दिसतात.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली सुरू झाला. नेहरूंनी त्याला हे नाव दिलं ते १९६२ मध्ये. तेव्हाही यंत्र आणि माणूस एकाच इमारतीत होते. वैद्य रोग्याच्या उशाशी बसलेला होता म्हणा ना.

चुका शोधण्यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम लिहायचा, ही कल्पनाही त्याच काळात रुजली. एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी पीडीपी-१ या यंत्रासाठी असा एक प्रोग्रॅम झाला, त्याचं नाव डीडीटी. मलेरियावाले घराघरांत फवारायचे ते डीडीटी ज्येष्ठांना आठवत असेल. प्रोग्रॅममधल्या चुकीला इंग्रजीत किडा म्हणतात, म्हणून किडे मारायला डीडीटी. विनोद साधा आहे, पण कल्पना मोठी आहे. चालू प्रोग्रॅमला मध्येच थांबवायचं, त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायचं आणि पुन्हा चालू करायचं. आज याच कामासाठी जगभर वापरला जाणारा जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला.

मग वैद्य आणि रोगी यांच्यात अंतर पडलं.

याचं कारण लहान चिप. कारच्या इंजिनात, विजेच्या मीटरमध्ये, ठिबक सिंचनाच्या नियंत्रकात बसलेल्या चिपला ना पडदा असतो ना कीबोर्ड. मेमरी इतकी तुटपुंजी, की तिच्यात अख्खा डीबगर मावत नाही. पुण्यात सी-डॅक या संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक दाखवला, त्यातही ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिपा एकमेकींना जोडलेल्या होत्या. प्रत्येक चिपपुढे खुर्ची टाकून बसणं शक्य नव्हतं, एका यंत्रावर बसूनच इतरांची हालहवाल विचारावी लागणार. पुण्यातलंच दुसरं उदाहरण केपीआयटी या कंपनीचं आहे. हिताची आणि पुढे रेनेसास या जपानी कंपन्यांच्या एसएच आणि एच८ या चिपांसाठी जीएनयू साधनांचे तयार संच ही कंपनी २००० नंतरच्या दशकात विनामूल्य देत असे. कम्पायलर, लिंकर आणि जीडीबी डीबगर, सगळं त्यात असे. २०१२ च्या जीसीसी ४.७ या कम्पायलरमध्ये सीआर१६ या चिपची भर पडली, त्या कामातही याच कंपनीच्या अभियंत्यांचा हात होता. म्हणजे दुरून तपासण्याची साधनं तयार करण्याचं काम आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, मराठी घरांतली मुलंमुलीसुद्धा करत होती. त्याची बातमी कुठे झाली नाही, एवढंच.

आता ही साधनं काम कशी करतात ते थोडं उलगडून सांगतो.

डीबगरचे दोन भाग केले. शहाणा, भारदस्त भाग अभियंत्याच्या टेबलावरच्या संगणकात राहिला. दुसरा, अगदी छोटा भाग दूरच्या यंत्रात बसवला, तोच हा सर्व्हर. त्याला फार अक्कल नसते. विचारलं तेवढं सांगायचं, सांगितलं तेवढं करायचं. जीडीबीच्या भाषेत प्रश्न एका अक्षराचे असतात. 'जी' म्हणजे रजिस्टरमधले आकडे सांग. 'एम' म्हणजे मेमरीतला अमुक पत्ता वाचून दाखव. 'सी' म्हणजे पुढे चालू लाग. प्रश्नचिन्ह म्हणजे तू का थांबला आहेस?

प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, मग मजकूर, मग हॅशचं चिन्ह, आणि शेवटी दोन अंकी बेरीज, तिला चेकसम म्हणतात. ही बेरीज आपण इथेच करून बघू. संगणकाच्या लिपीत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. 'ओके' या उत्तरातल्या 'ओ' चा ७९ आणि 'के' चा ७५, बेरीज १५४. सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत ती 'नऊ-ए' अशी लिहितात. निरोप घेणारा स्वतः बेरीज करतो. जुळली तर अधिकचं चिन्ह पाठवतो, म्हणजे पोचलं. नाही जुळली तर उणे, म्हणजे पुन्हा पाठव.

पावतीचा हा व्यवहार मंगळवेढ्याला वेगळा समजावून सांगायला नको. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं रयतेला खुली केली आणि बिदरच्या दरबारातून जाब आला, ही कथा इथलं लहान मूलही सांगेल. विठू महार म्हणून कोणी एक बिदरला गेला, धान्याची रक्कम भरली आणि पावती घेऊन आला. भक्ताला त्यात विठ्ठल दिसतो. आम्ही आज फक्त खजिन्यावर बसलेल्या कारकुनाच्या बाजूने बघतो आहोत. त्याने काय तपासलं? मोजून घेतलेली रक्कम वहीतल्या आकड्याशी जुळते का, एवढंच. आणणारा खरोखर कोण, हे त्याच्या तपासणीच्या बाहेर राहिलं. चेकसमचंही तसंच आहे. निरोप वाटेत बिघडला नाही, एवढीच ग्वाही ती देते. निरोप खरा आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. चुकीची खबरसुद्धा अगदी बिनचूक बेरजेसह पोचते.

आणि सर्व्हर चुकीची खबर देतो का? देतो. तोही माणसाने लिहिलेला प्रोग्रॅमच आहे. रजिस्टरमधला आकडा बदलून गेलेला असतो आणि हा आधी टिपून ठेवलेला जुनाच सांगतो. पाच धाग्यांनी चाललेला प्रोग्रॅम पूर्ण थांबला म्हणून कळवतो आणि एक धागा मागे चालूच असतो. आणखी एक गंमत बघा. प्रोग्रॅम विशिष्ट ठिकाणी थांबवायचा तर तिथल्या मूळ सूचनेच्या जागी 'थांब' अशी सूचना लिहून ठेवावी लागते. इंटेलच्या चिपांवर ती एका बाइटची असते. आता अभियंत्याने नेमका तोच पत्ता वाचायला सांगितला, तर सर्व्हरने मूळ बाइट दाखवायला हवा. तो विसरला, तर अभियंत्याला प्रोग्रॅममध्ये एक परकी सूचना दिसेल, आणि ती तपासणाऱ्यानेच घातलेली असेल! बघायला गेल्यामुळेच बघण्याची गोष्ट बदलते. बघायला गेलं की दडी मारणाऱ्या चुकांना संगणकवाल्यांनी पदार्थवैज्ञानिक हायझेनबर्ग यांच्यावरून गमतीने 'हायझेनबग' असं नाव दिलं आहे.

अशा वेळी अभियंत्याचं काय होतं? तो स्वतःच्या निर्दोष प्रोग्रॅमवर संशय घेत बसतो. थर्मामीटरच बिघडलेला असताना रोग्याला औषध देत राहावं, तसं. म्हणून तपासणाऱ्याची तपासणी करणं भाग पडलं.

ती हाताने करून बघा. सर्व्हर चालू करा, जोडणी करा, एक प्रश्न विचारा, उत्तर ताडून बघा. असे शेकडो, हजारो प्रश्न. चिपा अनेक, कम्पायलर अनेक, आणि कुणी सर्व्हरमध्ये एक ओळ बदलली की सगळं पहिल्यापासून. माणूस पहिल्या दिवशी नीट करील, दहाव्या दिवशी डोळे मिटून 'बरोबर' अशी खूण करील. यात आळशीपणा नाही, लक्ष टिकण्याला मर्यादा असतात.

यंत्राकडून हे करून घेण्याचं एक महत्त्वाचं साधन १९९० साली आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले डॉन लिब्स यांनी 'एक्स्पेक्ट' नावाचा प्रोग्रॅम केला. नावातच सगळं आहे, 'अपेक्षा'. हे वाक्य पाठव, अमुक उत्तराची अपेक्षा धर, ठरलेल्या वेळात ते आलं तर पुढे जा, नाही आलं तर नोंद कर. त्यानंतर काही वर्षांतच सिग्नस या कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी एक्स्पेक्टच्या पायावर 'डेजाग्नू' ही चाचण्यांची चौकट उभी केली. हे आधी पाहिलंय असा जो भास माणसाला होतो, त्याच्या फ्रेंच नावावरून हे नाव घेतलं. तीच चाचणी पुन्हा, पुन्हा, पुन्हा. जीडीबीच्या चाचण्या डेजाग्नूवरच चालत आल्या आहेत, आणि त्या दूरच्या सर्व्हरशी बोलूनही चालवता येतात. खरी चिप हाताशी नसेल तर चिपची नक्कल करणारा सिम्युलेटर लावतात. अ‍ॅपलने २०१० साली एलएलडीबी हा डीबगर खुला केला, त्याचा सर्व्हरही मुळात जीडीबीचीच भाषा बोलतो. त्याच्या चाचण्या पायथॉन भाषेत लिहिल्या जातात.

एक चाचणी कशी असते? मेमरीत एक आकडा लिहायला सांगायचा आणि लगेच तोच पत्ता वाचायला लावायचा. आकडे जुळले पाहिजेत. एका जागी थांबण्याची खूण ठेवायची, प्रोग्रॅम सोडायचा, तो तिथेच थांबला का ते बघायचं. मग तो पत्ता वाचून मूळ बाइट दिसतो का ते बघायचं. मुद्दाम चुकीची बेरीज पाठवायची. सर्व्हरने उणे चिन्ह पाठवून ती नाकारली पाहिजे. आणि आम्हाला सर्वांत आवडलेली चाचणी अशी, की सर्व्हरला येत नसलेला प्रश्न मुद्दाम विचारायचा. नियम असा आहे, की जे येत नाही त्याला रिकामं उत्तर द्यायचं. डॉलर, हॅश आणि शून्य-शून्य, बस. 'मला हे येत नाही' असं सांगण्याची सोय या भाषेत पहिल्यापासून आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितलं जातं का याची परीक्षा घेतली जाते. आमच्या विद्यापीठीय परीक्षांत ही सोय कधी नव्हती!

निकालाचे शब्दही बघण्यासारखे आहेत. डेजाग्नू फक्त 'पास' आणि 'नापास' म्हणत नाही. नापास होणार हे आधीच ठाऊक असलेल्या चाचणीला 'अपेक्षित अपयश' म्हणतात. ती अचानक पास झाली तर 'अनपेक्षित यश', म्हणजे तिकडेही लक्ष द्या. निकाल लावता आला नाही तर 'अनिर्णित'. या यंत्रावर ती सोयच नसेल तर 'लागू नाही'. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे ओळखीचं वाटेल. प्रमा म्हणजे यथार्थ ज्ञान, विपर्यय म्हणजे उलटं ज्ञान, आणि संशय ही तिसरीच अवस्था. संशयाला विपर्ययात ढकलायचं नाही आणि प्रमेतही नाही. त्याला त्याचा स्वतंत्र रकाना द्यायचा.

आता खरी अडचण. सर्व्हरला तपासायला चाचणी लिहिली. ती चाचणी बरोबर आहे हे कोण सांगणार? तिला तपासायला आणखी एक लिहायची? आणि तिला? याला आपल्या परंपरेत अनवस्था म्हणतात. एकामागे एक, कुठेच थांबा नाही.

या प्रश्नावर बोलायला मंगळवेढ्यासारखं दुसरं ठिकाण नाही. द्वैत वेदान्ताचे थोर टीकाकार जयतीर्थ, ज्यांना टीकाचार्य म्हणतात, ते चौदाव्या शतकातले. परंपरा त्यांचं मूळ गाव मंगळवेढं सांगते. त्यांचा 'प्रमाणपद्धति' हा ग्रंथ याच विषयावर आहे, ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरतं? नैयायिकांचं म्हणणं असं, की ज्ञानाची खात्री बाहेरून होते. दूर पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणून ते पाण्याचं ज्ञान खरं. विरोधक विचारतात, तहान भागली हे ज्ञान खरं कशावरून? पुन्हा अनवस्था. द्वैत मतात ही साखळी साक्षीपाशी थांबते. जाणणाऱ्याच्या ठायी असलेला साक्षी ज्ञानाबरोबर त्याचं खरेपणही ग्रहण करतो. पण संशय आला तर तो परीक्षेची मदत घेतो. परीक्षा संशय दूर करते. शेवटचा निवाडा साक्षीचा.

आम्ही असं म्हणणार नाही की चौदाव्या शतकात कुणाला संगणक ठाऊक होता. तसले दावे आम्हाला मान्य नाहीत. पण प्रश्नाची घडण एकच आहे, आणि अभियंत्यांनी व्यवहारात काढलेली वाटही ताडून बघण्यासारखी आहे. ते चाचणी इतकी लहान ठेवतात की माणसाला ती वाचून पटावी. नवी चाचणी लिहिली की सर्व्हरमध्ये मुद्दाम बिघाड घालून ती नापास होते का ते बघतात. कधीच नापास होऊ न शकणारी चाचणी काही सांगत नाही. एकच प्रश्न दोन वेगळ्या वाटांनी विचारतात. आणि प्रत्येक निकाल लिहून ठेवतात, म्हणजे कुणालाही पुढे उलटतपासणी करता येते. साखळी अनंत होत नाही, ती कुणातरी वाचणाऱ्या माणसापाशी येऊन थांबते.

तो माणूस वाचत नसेल तर?

४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला, आणि दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम बुडू लागलं. मंगळावरून निरोप यायला एका बाजूने सुमारे दहा मिनिटं. पृथ्वीवर तशाच दुसऱ्या यंत्रावर अभियंत्यांनी नोंदी चालू ठेवून तीच परिस्थिती उभी केली आणि कारण सापडलं. महत्त्वाचं काम एका सामायिक साधनासाठी कमी महत्त्वाच्या कामाची वाट बघत अडकत होतं आणि मधलीच कामं पुढे घुसत होती. दुरुस्ती इथूनच पाठवली गेली. हे सगळे गौरवाने सांगतात, आणि गौरव आहेच. पण त्या चमूच्या प्रमुखांनी मोकळेपणाने हेही लिहिलं आहे, की असा प्रकार उड्डाणापूर्वी दिसला होता. शोधायला गेल्यावर मात्र तो पुन्हा घडवता आला नव्हता.

चाचणी कधी पास, कधी नापास, हा अनुभव या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आहे. दूरच्या सर्व्हरच्या बाबतीत तर फार. ठरल्या वेळात उत्तर आलं नाही, याचे अर्थ तीन. सर्व्हर मेला, किंवा जोडणी तुटली, किंवा तो अजून कामातच आहे. मौन एकच, कारणं तीन. घाईत असलेला माणूस मग काय करतो? पुन्हा चालवतो, हिरवं येईपर्यंत चालवतो. किंवा त्या चाचणीपुढे 'अपेक्षित अपयश' असं लिहून मोकळा होतो. त्या शब्दाचा मूळ हेतू प्रामाणिक होता, दोष ठाऊक आहे, विसरलेलो नाही. पण तोच शब्द विसरण्याचं साधनही होऊ शकतो. यंत्र हजार चाचण्या रात्रीत चालवील. अपेक्षा काय धरायची आणि तुटलेल्या अपेक्षेचं काय करायचं, हे मात्र ते ठरवणार नाही.

यात आपलं काय पणाला लागलं आहे? आज वाहनांचं, वैद्यकीय उपकरणांचं, विजेच्या मीटरचं सॉफ्टवेअर दुरून बदललं जातं. बदलणारा तिथे नसतो. त्याची सगळी भिस्त त्या छोट्या सर्व्हरच्या शब्दावर आणि तो शब्द पारखणाऱ्या चाचण्यांवर असते. इथली ज्वारी बाजारात जाते तेव्हा घेणारा मूठभर दाणे हातावर घेऊन बघतो. दूरच्या यंत्राच्या बाबतीत ती मूठ म्हणजे ही चाचणी.

आणि या तालुक्यातली किती तरी मुलंमुली पुण्याला याच कामात आहेत. घरी विचारलं तर म्हणतात, 'काही नाही, टेस्टिंगला आहे', जरा खालच्या आवाजात. प्रोग्रॅम लिहिणारा मोठा आणि तपासणारा धाकटा, अशी एक उतरंड या व्यवसायात पडली आहे. शिवाय आपोआप चाचण्या आल्यावर तपासणाऱ्याची गरज संपली, असंही काहींना वाटतं. आमचं मत याच्या नेमकं उलट आहे. आपोआप होतं ते विचारणं. साक्षीची जागा रिकामी राहिली, तर हिरव्या दिव्यांच्या रांगा नुसत्या दिवाळीच्या माळा.

तेव्हा या दिवाळीला मुलगा किंवा मुलगी घरी आली की पगाराबरोबर एवढं जरूर विचारा: तुमच्या यादीत 'अपेक्षित अपयश' म्हणून किती नोंदी आहेत, आणि त्या शेवटच्या कुणी, कधी वाचल्या? उत्तर देताना ती जरा थांबली, विचारात पडली, तर समजा काम योग्य हातांत आहे.

आता प्रश्न विचारा.